पत्रिकेत आईचं नाव

लग्नसराई सुरू झाली की माझ्या टेबलावर पत्रिकांचा गठ्ठा साचतो. आयुष्यभर शाळेत शिकवलं, त्यामुळे विद्यार्थ्यांकडून आणि आता त्यांच्या मुलांकडूनही बोलावणी येतात. जुनी खोड काही जात नाही, पत्रिका हातात आली की लाल पेन आठवतं. 'आशिर्वाद' हमखास ऱ्हस्व. 'चि. सौ. कां.' मधला अनुस्वार गळालेला. अहो, तो सौभाग्यकांक्षिणीतला 'कां' आहे! असो. छापखानेवाले तरी काय करणार, त्यांना जे लिहून देतात ते ते छापतात.

पण शुद्धलेखनाचं मला आता तितकंसं वाटत नाही. मी पत्रिका खालून वर वाचते. निमंत्रक कोण, ते आधी बघते. आणि ज्या घरात वडील हयात नाहीत, तिथे हमखास तेच दिसतं. निमंत्रक काका, नाहीतर मामा. आई कुठेच नाही. फार तर 'कै. अमुक यांचे चिरंजीव' एवढ्यावर तिची बोळवण. गंमत बघा, पत्रिकेत कै. पणजोबा चालतात, कै. आजोबा चालतात. गेलेल्यांची नावं घेतल्यानं मंगलकार्याला बाधा येत नाही. हयात असलेल्या, हॉलची अनामत स्वतःच्या पगारातून भरलेल्या बाईच्या नावानं मात्र अपशकुन होतो!

परवा एक विद्यार्थी पत्रिका घेऊन आला. याच्या आईनं पोळीभाजीचे डबे करून दोन मुलांना शिकवलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पहाटे चारला तिच्या स्वयंपाकघरातला दिवा लागायचा. पत्रिकेवर निमंत्रक म्हणून मोठ्या काकांचं नाव, त्याखाली सगळा गोतावळा, 'आमच्या दादाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्लीसुद्धा. मी विचारलं, "आई कुठे आहे रे?" तर म्हणाला, "बाई, आईच म्हणाली, माझं नको टाकू."

हे 'माझं नको' मला चांगलं माहीत आहे. ते तिच्या मनातून येत नाही, चार जणींच्या नजरा आधीच ओळखून ती स्वतःच बाजूला होते. म्हणून तिनं नको म्हटलं की विषय संपला, असं मुलांनी समजू नये.

2001 साली माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा यजमान जाऊन पाच वर्षं झाली होती. दीर म्हणाले, वहिनी, पत्रिका माझ्या नावानं काढू. त्यांचा हेतू वाईट नव्हता. मी माझंच नाव दिलं, मागे काहीही न लावता. छापखान्याच्या मालकांनी दोनदा विचारलं, "बाई, नक्की?" नक्की म्हटलं. एक दूरच्या सासूबाई लग्नाला आल्या नाहीत, बाकी अक्षता व्यवस्थित पडल्या. मुलगी सुखात आहे.

आणि आता काळ तरी कुठे तोच राहिलाय? 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. सरकारनंही परिपत्रक काढून इतर गावांना तोच कित्ता गिरवायला सांगितला. 2023 साली विधवांच्या नावाआधी 'गं. भा.' लावण्याचा प्रस्ताव एका मंत्र्यांनी पुढे केला, तेव्हा केवढा गदारोळ झाला! तो व्हायलाच हवा होता. बाईच्या नावाआधी तिच्या नवऱ्याचा हिशेब कशाला? आणि 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःच्या नावानंतर आईचं नाव, मग वडिलांचं, असा नियमच महाराष्ट्रात झाला आहे. त्या मुलांच्या लग्नपत्रिका मी काही बघणार नाही, पण जन्मदाखल्यावर असलेली आई पत्रिकेतून कशी गाळतील, हे बघायची इच्छा आहे खरी.

काही जण म्हणतात, पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची असते, रीत मोडू नये. रीत जरूर पाळा. चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावा, कुलदैवताला ठेवा, पुण्यात असाल तर कसब्याच्या गणपतीला द्या. आईचं नाव वाचून गणपती रागावेल असं मला वाटत नाही. पार्वतीच्या अंगच्या मळाचा तो, एकट्या आईनं घडवलेला.

ज्यांना प्रश्न पडतो त्यांच्यासाठी सांगते, मजकूर अगदी सोपा आहे. निमंत्रक म्हणून आईचं नाव आणि आडनाव, आधी हवं तर 'श्रीमती'. तिच्याखाली काका-काकू. काकांचा मान कुठेही कमी होत नाही.

त्या विद्यार्थ्याला मी म्हटलं, छापलेल्या तीनशे राहू देत, पैसे गेलेत. पण व्हॉट्सॲपवर पाठवायची पत्रिका बदलायला दोन मिनिटं लागतात. आईला विचारू नकोस, टाक आणि मग तिला दाखव. तो "बघतो बाई" म्हणाला आणि पेढा ठेवून गेला. लग्नाला अजून वीस दिवस आहेत.