तिशीची वाट का पाहायची?



आशाताई घरोघरी जो ‘सीबॅक’ फॉर्म भरून घेतात, त्यात रक्तदाब, साखर, तंबाखू यांच्या जोडीला मनाविषयीही दोन प्रश्न आहेत: कामात रस वाटेनासा झालाय का, आणि उदास, निराश वाटते का. चांगली गोष्ट आहे. पण हा फॉर्म तिशी ओलांडलेल्यांचा. स्किझोफ्रेनिया बहुधा विशीच्या आगेमागे सुरू होतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते निम्मे मानसिक आजार अठराव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. म्हणजे मुलाला वगळून आपण त्याच्या आईला विचारतो.

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत या वयाची मुले बारावीच्या वर्गात आहेत, भरतीची तयारी करताहेत, रांजणगाव-कुरकुंभच्या कंपन्यांत कंत्राटी पाळ्या करताहेत. त्यातला एखादा रात्र-रात्र जागू लागतो, जेवण टाकतो, लोक आपल्यावरच बोलतात म्हणतो. घरचे म्हणतात, ‘बाहेरचं दिसतंय.’ मग देवऋषी. मग ‘लग्न लावून द्या, येईल ताळ्यावर.’ यात दुसऱ्याची लेकही भरडते, त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. डॉक्टरचे नाव निघाले की येरवड्याचे मनोरुग्णालय आठवते आणि विषय मिटतो. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झाले तर शिक्षण, नोकरी वाचण्याची शक्यता बरीच जास्त असते. नेमके तेच महिने आपण घालवतो.

नॉर्वेतील रोगालँड भागात 1997 पासून वर्तमानपत्रे, शाळा, डॉक्टर यांच्यामार्फत अशा आजाराच्या लक्षणांची माहिती पोहोचवली आणि फोन केला की भेटायला येणारी पथके नेमली. आजार सुरू झाल्यापासून उपचारापर्यंतचा मध्यक काळ 26 आठवड्यांवरून 5 वर आला. पुढे माहितीची मोहीम थांबली, पथके मात्र राहिली; तो काळ पुन्हा 15 आठवड्यांवर गेला. नुसता डॉक्टर बसवून भागत नाही, हे त्यातून कळते.

‘नॉर्वेचे इथे काय?’ असे कोणी म्हणेल. शिरूर तालुक्यातच वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे केंद्र 2002 पासून 22 गावांतल्या जन्म, मृत्यू आणि स्थलांतराची घरोघर जाऊन नोंद ठेवत आले आहे. घरोघर विचारणे आपल्याला जमत नाही, ही सबब निदान या तालुक्याने सांगू नये.

खरा आक्षेप वेगळा आहे: सापडले तर पाठवायचे कुठे? आणि पोराच्या कपाळी कायमचा शिक्का बसला तर? शिक्क्याची भीती मला मान्य आहे. म्हणून ही विचारपूस गावासमोर नको, आणि आजाराचे निदान आशाताईंनी करायचे नाही. त्यांनी फक्त पुढे पाठवायचे. पाठवण्याच्या जागेची जबाबदारी मात्र सरकारची आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 18 ने परवडणारे, घराजवळचे उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे.

तेव्हा जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना विनंती, की सीबॅकसारखीच विचारपूस 14 ते 30 वयोगटासाठी सुरू करावी, आणि शिरूर व दौंडच्या सरकारी रुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञाचा आठवड्यातला एक वार कायमचा ठरवून तो प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावा. तोवर वाचकांनी 14416 हा टेली-मानसचा मोफत क्रमांक घरात लिहून ठेवावा; तिथे मराठीतून बोलता येते, रात्रीसुद्धा.

– एक वाचक, केडगाव (ता. दौंड)