गाडी नेमकी केव्हा बंद पडते?

चालती गाडी चढावर किंवा सिग्नलला अचानक बंद पडते. मग कितीही सेल्फ मारा, इंजिन नुसतं फिरतं, पकडत नाही. पंधरा-वीस मिनिटं बाजूला उभी केली की काही झालंच नाही अशी चालू होते. उन्हाळा लागला की या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांत ही तक्रार हमखास असते, आणि सोबत बदललेल्या पार्टची यादी. प्लग झाले, कॉइल झाली, बॅटरी नवी टाकली, पेट्रोलचा पंपही बदलला. गाडी अजून बंद पडतेच. बिलांचा हिशेब रुपयापर्यंत दिलेला असतो. गाडी केव्हा बंद पडते, हे मात्र क्वचितच कुणी लिहितं, कारण गॅरेजमध्ये त्यांना ते कुणी विचारलेलंच नसतं.

मला याचा मनापासून राग येतो. बंद पडणारी गाडी आपल्या दुखण्याचा अर्धा पत्ता स्वतःच देत असते. सकाळी थंड असताना चालू व्हायला त्रास देते की घाट चढून तापल्यावर? हळूहळू झटके मारत, मिसिंग करत थांबते की दिवा विझावा तशी एका क्षणात? झटके मारत थांबली तर पेट्रोल कमी पडत असण्याची शक्यता मोठी. एका क्षणात मेली, तर आधी विजेच्या बाजूला बघावं: सेन्सर, रिले, इग्निशन स्विच, अर्थिंग.

सातारा रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये मी हे काम जवळून पाहिलं. खंबाटकी चढून आलेली पेट्रोल गाडी दारात बंद पडली होती. मेकॅनिकने पाना हातात घेतला नाही. मालकाला सेल्फ मारायला सांगितलं आणि स्वतः खिडकीतून डॅशबोर्डवरचा आरपीएमचा काटा बघत राहिला. सेल्फ मारताना या गाडीचा काटा थोडा तरी हलायला हवा होता. तो शून्यावर पडून होता. म्हणजे इंजिन फिरतंय ही बातमी कंप्युटरपर्यंत पोचतच नव्हती. ती देण्याचं काम क्रँक सेन्सरचं. दातेरी चकतीसमोर बसलेला हा छोटा पार्ट दाते मोजतो आणि ठिणगी कधी टाकायची, पेट्रोल कधी फवारायचं हे त्यावरून ठरतं. आतली तार तापून तुटक झाली की सिग्नल जातो, थंड झाली की परत येतो. त्याने फडकं पाण्यात भिजवून सेन्सरवर धरलं, थोडं थांबला, सेल्फ मारला. गाडी चालू.

मला सर्वांत आवडलं ते पुढचं. नवा सेन्सर मागवण्याआधी त्याने कनेक्टर काढून उजेडात धरला, पिना पाहिल्या, वायर हाताने वाकवून मल्टिमीटर लावला. कनेक्टरमध्ये हिरवट गंज असता तर नवा सेन्सरही तसाच फसला असता. तो नव्हता, तेव्हाच पार्ट आला. या गाडीवर आधी दोन ठिकाणी काम झालेलं होतं, आणि दोन्हीकडे काढून टाकलेले पार्ट बहुधा चांगलेच होते.

पेट्रोलची बाजू तपासायलाही फार सामान लागत नाही. किल्ली ऑनवर फिरवली की मागच्या सीटखाली, टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो. तो आवाज आलाच नाही तर आधी फ्यूज आणि रिले बघा, मग पंप. सकाळी त्रास देणारी गाडी किल्ली दोन-तीनदा ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारल्यावर पटकन पकडत असेल, तर रात्रभरात लाइनमधलं प्रेशर उतरतंय हे जवळपास नक्की. बॅटरीचं तर आकड्यांतच कळतं. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी विश्रांतीला १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना ती साधारण ९.६च्या खाली कोसळली तर बॅटरी किंवा तिच्या जोडण्या संशयित. कोकणातल्या गाड्यांत मी आधी अर्थची पट्टी बघायला सांगतो. खाऱ्या हवेने ती आतून खाल्लेली असते, आणि बॅटरी बिचारी फुकट बदलली जाते.

सीएनजीवाल्यांच्या हातात तर आयतीच चाचणी आहे. गाडी गॅसवरही बंद पडते आणि पेट्रोलवरही, तर दोन्हींना सामाईक असलेल्या गोष्टी बघा: प्लग, कॉइल, सेन्सर, थ्रॉटल. फक्त पेट्रोलवर त्रास असेल तर पंप, फिल्टर, इंजेक्टर. सीएनजी गाडीत पेट्रोल कायम तळाला ठेवायची सवय अनेकांना आहे. पंप त्याच पेट्रोलात बुडून थंड राहतो, हे कृपा करून लक्षात घ्या.

‘पण स्कॅनर लावला होता’, असं मला सांगितलं जातं. लावावाच. मात्र पी ०३३५ हा कोड आला तर तो सांगतो की क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड आहे. सर्किट म्हणजे सेन्सर, वायर, कनेक्टर आणि कंप्युटर, सगळंच. कोड वाचून थेट पार्ट मागवणं हा अंदाजच, फक्त स्क्रीनवर आलेला. आणि काही वेळा कोड उमटतच नाही, कारण दोष इंजिनात नसतोच.

अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गाड्यांचं हेच झालं. कोबाल्टसारख्या मॉडेलांत इग्निशन स्विच इतका सैल होता की किल्लीच्या जुडग्याच्या वजनाने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने तो चालत्या गाडीत ‘रन’वरून सरकायचा. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, आणि अपघात झाला तर एअरबॅगही उघडत नसत. जॉर्जियातल्या एका तरुणीने गाडी चालता-चालता बंद पडते म्हणून ती डीलरकडे दिली होती. तिथे इंधनाची यंत्रणा साफ करून गाडी परत केली गेली, आणि लगेचच, मार्च २०१० मध्ये, ती अपघातात गेली. तिच्या आईवडिलांच्या खटल्यासाठी मार्क हूड या अभियंत्याने तिच्या गाडीतला स्विच आणि त्याच क्रमांकाचा बाजारातून आणलेला नवा स्विच खोलून शेजारी ठेवले. नव्यातला प्लंजर १.६ मिलिमीटरने लांब निघाला. कंपनीत २००६ मध्ये पार्टचा क्रमांक न बदलता स्विच गुपचूप सुधारला गेला होता. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि भरपाईच्या योजनेत १२४ मृत्यू मान्य झाले. बंद पडणारी गाडी ही नुसती खर्चाची बाब नाही, म्हणून मी एवढ्या पोटतिडकीने लिहितो आहे.

आता दोष फक्त मेकॅनिकवर टाकू नये. तास-दीड तास शोध घेऊन त्याने सैल वायर घट्ट केली, तर आपण त्याच्या हातावर काय ठेवतो? ‘नुसती वायर तर होती’, म्हणत शंभराची नोट. तोच मेकॅनिक पार्ट बदलतो तेव्हा आपण हजारो रुपये निमूट मोजतो. डॉक्टर औषध न देताही तपासणीची फी घेतात आणि आपण ती देतो. गॅरेजमध्ये तपासणीला किंमतच नाही, मग तो पार्ट विकूनच पोट भरणार. सर्व्हिस सेंटरांची गत वेगळी नाही. तिथे जॉबकार्डवर ‘गाडी बंद पडते’ एवढे तीन शब्द लिहिले जातात आणि ज्याच्या हाती गाडी येते त्याने मालकाला पाहिलेलंही नसतं.

म्हणून गाडी टाकताना जॉबकार्डवर स्वतः सांगून लिहून घ्या: थंड की गरम, गॅस की पेट्रोल, टाकीत किती होतं, काटा हलत होता का, किती वेळाने चालू झाली. शक्य असेल तर सेल्फ मारतानाचा डॅशबोर्डचा व्हिडिओ मोबाइलवर काढून ठेवा. तपासणीची मजुरी वेगळी लावा, असं आपणहून म्हणा आणि ती घासाघीस न करता द्या. पार्ट बदलायचाच असेल तर तो कोणत्या तपासणीवरून ठरला ते विचारा, आणि काढलेला जुना पार्ट मागून घ्या.