वर पाहणारे आणि खाली न पाहणारे

अ‍ॅडम मॅके या दिग्दर्शकाचा ‘डोन्ट लुक अप’ हा अमेरिकी चित्रपट डिसेंबर २०२१ मध्ये प्रदर्शित झाला. एक प्रचंड धूमकेतू पृथ्वीच्या दिशेने येत आहे आणि सहा महिन्यांत तो आदळणार आहे, असे दोन खगोलशास्त्रज्ञ पुराव्यानिशी सांगतात. राष्ट्राध्यक्षांना निवडणुकीची विवंचना असते, दूरचित्रवाणीच्या निवेदकांना कार्यक्रम हलकाफुलका ठेवायचा असतो आणि एका धनाढ्य उद्योगपतीला धूमकेतूतील खनिजांचा मोह पडतो. अखेर ‘वर पाहू नका’ हीच राजकीय घोषणा होते. धूमकेतू हे केवळ निमित्त आहे. उपहासाचा खरा रोख हवामानबदलाविषयीच्या लोकांच्या बेफिकिरीवर आहे.

हा चित्रपट नांदेड-लातूरच्या एखाद्या शेतकऱ्याने पाहिला, तर त्याला त्या घोषणेचे नवल वाटेल. रोहिणी लागल्यापासून हस्त सरेपर्यंत त्याची नजर आभाळावरून हटत नाही. वर न पाहण्याची चैन त्याला परवडणारी नाही. मग आपल्याकडे बेफिकिरी नाही, असे म्हणावे काय? तसे म्हणण्याचे धाडस होत नाही.

मराठी चित्रपटांनी या प्रश्नाला आपल्या पद्धतीने हात घातला आहे. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ हा २००९ मधील चित्रपट विदर्भातील कापूस पिकविणाऱ्या किस्नाची कथा सांगतो. शेजारचा शेतकरी आत्महत्या करतो आणि किस्नाच्या पत्नीच्या, अलकाच्या, मनात धास्ती बसते. ती लहान मुलाला सतत त्याच्या मागे पाठवते, त्याला गोडधोड करून घालते. किस्ना मात्र या अवचित आदरसत्काराने चक्रावून जातो. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांच्या या प्रसंगांना प्रेक्षक हसतात, आणि हसता हसता त्यांच्या पोटात खड्डा पडतो. येथे हास्य संकटात सापडलेल्या माणसाच्या बाजूने उभे आहे. त्याचे बोट वळते ते पाहणाऱ्याकडे.

त्याआधी २००७ मध्ये आलेल्या ‘जाऊ तिथे खाऊ’ या चित्रपटात मकरंद अनासपुरे यांनी रंगविलेला शेतकरी आपली विहीरच चोरीला गेल्याची तक्रार करतो. ही कल्पना अतिशयोक्त वाटते. परंतु ज्याने बँकेत शेतीकर्जाच्या फायली हाताळल्या आहेत, त्याला ती तशी वाटणार नाही. विहिरीचे कर्ज टप्प्याटप्प्याने मिळते. खोदकाम, बांधकाम, मोटार अशा प्रत्येक टप्प्याला दाखला, शेरा आणि सही लागते. सगळे कागद पूर्ण झाले की फायलीपुरती विहीर पूर्ण होते. तिच्यात पाणी किती, हा रकानाच नसतो. चित्रपटातील विहीर कागदावर असते आणि शेतात नसते. आपल्या अनेक विहिरी कागदावरही असतात आणि शेतातही असतात; चोरीला गेलेले असते ते पाणी. पुढे २०१५ मध्ये अनासपुरे यांनी नाना पाटेकर यांच्यासमवेत दुष्काळग्रस्त शेतकरी कुटुंबांसाठी ‘नाम फाउंडेशन’ उभारले. म्हणजे आपल्याला हसविणारा माणूस हसून थांबला नाही.

उपहासकारालाही सुचले नसते असे दृश्य पुढच्याच वर्षी लातूरने पाहिले. मार्च २०१६ मध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली. मांजरा धरण कोरडे पडले होते. १२ एप्रिलला मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून पहिली पाणीगाडी लातूरला पोहोचली. दहा टाक्या आणि पाच लाख लिटर पाणी! देशभरातील वृत्तवाहिन्यांनी ती गाडी दाखविली. त्याच वर्षी उत्तम पाऊस झाला, मांजरा भरले आणि शिवारात पुन्हा ऊस उभा राहिला.

यात मूर्ख कोण? कोणीच नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे. उसाला केंद्र सरकारने ठरविलेला दर मिळतो; सोयाबीन आणि तुरीच्या भावाची शाश्वती नसते. कारखान्याला गाळपासाठी ऊस हवा असतो. उसावर दिलेले कर्ज कारखान्याच्या बिलातून वसूल होत असल्याने बँकेलाही ते सुरक्षित वाटते. शहरातील घरमालक शेजाऱ्यापेक्षा खोल बोअर घेतो, कारण त्याच्या घरी पाणी नसते. प्रत्येकाचा हिशेब आपापल्या जागी बरोबर आहे. मात्र सर्वांच्या हिशेबाची बेरीज एका खात्यावर पडते आणि ते खाते जमिनीखाली आहे. त्याचे पासबुक कोणी भरून घेत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यात याच निसर्गाने दुसरे टोक दाखविले. हसनाळ, रावणगाव ही गावे अतिवृष्टीने पाण्याखाली गेली आणि माणसे दगावली. हवा तापली की ती अधिक बाष्प धरून ठेवते. मग पाऊस दिवस लांबवितो आणि येतो तेव्हा एकदम कोसळतो. दुष्काळ आणि पूर ही आता एकाच कुटुंबातील भावंडे झाली आहेत.

उपहासाची एक मर्यादा येथे लक्षात घ्यावी. हसताना आपण स्वतःला शहाण्यांच्या बाकावर बसवितो आणि मूर्ख म्हणून पुढारी, वाहिन्या, उद्योगपती यांच्याकडे पाहतो. पडदा बंद झाला की समाधानाने उठतो. पाणी गाळून पिणाऱ्या आणि ते तुपासारखे वापरावे असे वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलेल्या आपल्यासारख्यांना तर हे समाधान अधिकच लवकर मिळते.

म्हणून एक साधा हिशेब मांडतो. लातूर-नांदेडकडे वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या एका गच्चीवर सातशे मिलिमीटर पाऊस म्हणजे सत्तर हजार लिटर पाणी होय. त्यातील तीन चतुर्थांश जरी गाळून टाकीत किंवा बोअरमध्ये उतरविले, तरी बावन्न हजार लिटर होतात. पाणीगाडीच्या एका टाकीत पन्नास हजार लिटर पाणी होते. म्हणजे मिरजेहून आणलेल्या एका टाकीइतके पाणी प्रत्येक गच्चीवरून दरवर्षी गटारात जाते.

आपल्या गृहसंस्थेच्या वार्षिक सभेत रंगरंगोटी आणि वाहनतळ यांवर तासभर चर्चा होते. यंदा आणखी एक विषय कार्यसूचीवर लिहून द्यावा: आपल्या बोअरची पाणीपातळी मागील वर्षी किती फुटांवर होती आणि आज किती आहे? हा प्रश्न विचारणाऱ्याकडे पाहून कदाचित काही जण हसतील. हसू द्यावे; पण उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.