साठीच्या दात्याची किडनी टाकाऊ नाही



वयस्कर वा रक्तदाब असलेल्या मेंदूमृत दात्यांच्या किडन्या स्वीकारणे म्हणजे गरिबांच्या माथी दुय्यम अवयव मारणे, असे एका वाचकाने गेल्या अंकात लिहिले आहे. त्यांची कळकळ खरी आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही.

अमेरिकेत २००२ साली अशा दात्यांची व्याख्या ठरली. वय ६० किंवा अधिक. अथवा ५० ते ५९ आणि सोबत उच्च रक्तदाब, पक्षाघाताने मृत्यू, रक्तात दीड मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरहून जास्त क्रिएटिनिन यांपैकी दोन गोष्टी. अशा दात्याची किडनी बंद पडण्याचा धोका आदर्श दात्याच्या किडनीपेक्षा सुमारे ७० टक्के जास्त धरला गेला. ते रुग्णापासून लपवू नयेच.

पण उमापूरच्या रुग्णापुढे तरुण दात्याची किडनी की म्हाताऱ्याची, असा प्रश्न कुठे असतो? त्याच्यापुढे असतात आठवड्यातून दोन-तीनदा बीड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या खेपा आणि दर खेपेला चार तास डायलिसिस. साठीतल्या मधुमेही माणसाला म्हाताऱ्या दात्याची किडनी डायलिसिसहून जास्त आयुष्य देऊ शकते. पंचविशीतल्या मुलाने मात्र शक्यतो थांबावे.

२०२३ मध्ये केंद्राने मृत दात्याच्या अवयवासाठी नोंदणीची ६५ वर्षांची वयोमर्यादा काढली, म्हणजे रांग वाढणार. मृत दाते वाढले नाहीत तर पुन्हा आईकडे, बायकोकडेच बोट जाईल. देशात जिवंत दात्यांमध्ये बायकाच जास्त आहेत. पत्रलेखकांनी विरोधाऐवजी, धोका मराठीत समजावून लेखी संमती घेण्याचा आग्रह धरावा. त्यात मी त्यांच्यासोबत आहे.

– एक वाचक, उमापूर (ता. गेवराई, जि. बीड)