घाटातले बंद स्टेशन आणि मजुराचा हक्क

अलिबाग-पेणकडची माणसे पुण्याला निघाली की खोपोलीनंतर बोरघाट लागतो. याच घाटात ६६ वर्षे एक स्टेशन होते. गाड्यांनी उलटे फिरण्यासाठीच ते बांधले होते, म्हणून त्याचे नावही रिव्हर्सिंग स्टेशन.

१८५६ साली जी.आय.पी. रेल्वे पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आली आणि डोंगरापाशी थांबली. १८५८ मध्ये वर पुणे-खंडाळा गाडी सुरू झाली. मधला घाट लोक पालखीने, घोड्यावरून नाहीतर बैलगाडीने चढत. मे १८६३ मध्ये पळसदरीहून घाटाचा लोहमार्ग खुला झाला. सुमारे २५ किलोमीटर लांबी, १,८३१ फूट चढ आणि २५ बोगदे! एके ठिकाणी डोंगराची सोंड इतकी अरुंद होती की गाडी वळवायला जागाच नव्हती. तिथे गाडी थांबे, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावत आणि शेवटचा डबा पहिला होऊन गाडी वर निघे. १९२९ मध्ये नवा मार्ग काढला गेला आणि स्टेशन बंद पडले.

इंजिनिअर बर्कले यांचे नाव इतिहासात आहे. ठेकेदार ट्रेडवेल १८५९ मध्ये वारल्यावर त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी काम पुढे नेले, तेही नोंदलेले आहे. पण ऐन कामाच्या दिवसांत इथे चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. सुरुंग, दरडी आणि पटकीच्या साथींनी त्यांतले हजारो गेले. त्यांची नावे कुठे आहेत?

१८५९ च्या जानेवारीत याच घाटात मजुरांनी दंगा केला. कारण एकच, थकलेली मजुरी. त्यानंतर दोनच महिन्यांत फॅव्हिएल या पहिल्या ठेकेदाराने काम सोडले. मजूर अडाणी होते म्हणून बिथरले, असे म्हणणे सोपे आहे. घरी चूल थांबली की शहाणाही बिथरतो.

मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी देण्याची ताकीद आपल्याला रसूलल्लाह (सल्ल.) यांनी दिली आहे. आम्ही शाळेत ही हदीस शिकवतो तेव्हा मुलांना ती लगेच समजते. अडचण मोठ्यांची आहे. जकात-सदका देताना आपला हात सढळ असतो, पण गवंड्याला "पुढच्या जुम्म्याला ये" सांगताना जीभ अडखळत नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईला दोन-दोन खेपा घालाव्या लागतात. होडीवरच्या खलाशाचा हिशेब लांबत राहतो. मजुरी म्हणजे सदका नव्हे. ती आपल्याकडे ठेवलेली दुसऱ्याची अमानत आहे.

तेव्हा यंदा ईदची खरेदी करण्याआधी घरातल्या सर्वांनी एकदा बसून पाहावे, आपल्याकडे कुणाची मजुरी राहिली आहे का. राहिली असेल तर ती मुलांच्या हातून पोहोचती करावी. बंद स्टेशनचा इतिहास त्यांना मग वेगळा शिकवावा लागणार नाही.