रानात जाणाऱ्या मुलींनी कोणती पुस्तकं वाचावीत?

चिखलदऱ्याला मुलींचं शिबिर ठरलं की पहिली मागणी येते पुस्तकांची. जंगलात कसं राहावं, वाट कशी शोधावी, पाणी कुठून मिळवावं हे शिकवणारी पुस्तकं हवी असतात. मागणी रास्तच आहे. रानाची भीती घालून मुलींना घरात बसवणं खूप झालं. पण जी पुस्तकं मागवली जातात ती बहुतेक इंग्रजी, किंवा इंग्रजीवरून बेतलेली. त्यांत बर्फात खड्डा करून रात्र काढायची युक्ती असते. आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो! इथल्या मुलीला ऊन लागल्याची लक्षणं आणि कोरड्या नदीत झिरा कुठे खणायचा, हे कळायला हवं. पुस्तक म्हणतं, रात्री जाळ करा. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, आणि अभयारण्यात आग लावणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

म्हणून मी पुस्तक घेताना आधी सापाचं पान उघडते. दोर करकचून बांधा, ब्लेडनं चीर द्या, रक्त चोखून थुंका, असं तिथे असेल तर पुस्तक परत कपाटात. कागद कितीही गुळगुळीत असो. घोणस आणि फुरशाच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं. अशा वेळी दिलेली चीर वाहतच राहते. घट्ट दोरानं हातपाय सडू शकतो. बाईला धीर द्यायचा, चालू द्यायचं नाही, मोडलेल्या हाडासारखी काठी बांधून तो हात किंवा पाय स्थिर ठेवायचा आणि तडक दवाखाना गाठायचा. आपल्याकडची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालते. ती दवाखान्यातच द्यायची असते. एका गावात गवत कापताना साप चावलेल्या बाईला पोरांनी पुस्तकात वाचून चीर दिली होती. बाई वाचली, पण जखम चिघळून दोन महिने तिची मजुरी बुडाली.

या पुस्तकांचा नायक बूट घातलेला, सुरी लावलेला पुरुष असतो. तो रानात हौसेनं जातो. आमच्या बाया पहाटेच्या अंधारात मोहफुलं वेचायला जातात, आणि त्याच फुलांसाठी अस्वलही येतं. त्यावर एक ओळ नसते. पाळीत रानात दिवस कसा काढावा, यावर तर नसतेच.

मग घ्यावं काय? मारुती चितमपल्लींची पुस्तकं घ्यावीत. २०२५ साली ते गेले. वनाधिकारी म्हणून त्यांनी मेळघाटातही नोकरी केली. 'रानवाटा' काही हातपुस्तिका नव्हे, पण रानात थांबून पाहायचं कसं ते त्यातून उमगतं. रानभाज्यांचं पुस्तक मात्र रंगीत चित्रांचं आणि स्थानिक नावांचं हवं. पुस्तकात 'टाकळा' असतो, आमच्याकडे तोच 'तरोटा'. नाव जुळलं नाही तर मुलगी भलताच पाला तोडेल. गुंजेच्या लालचुटूक बिया विषारी असतात, हेही त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं.

शिबिराच्या अंदाजपत्रकात पुस्तकांना रक्कम असते; झाडं ओळखायला शिकवणाऱ्या कोरकू बाईच्या मानधनाला नसते. तिला 'माहिती देणारी' म्हणतात आणि चहा पाजतात. व्याख्यात्याला देता तेवढंच मानधन तिला द्या, आणि तिनं सांगितलेली कोरकू नावं मुलींनी त्या पुस्तकांच्या समासात लिहून ठेवावीत, तिच्या नावासकट.