मेल येतो, पण जात नाही!

मोबाइलवर मेल बघणं सोपं, हे मान्य. पण दिवसाला शंभरेक मेल, तीन वेगवेगळी अकाउंट्स आणि वर बॉसची ‘मागच्या दिवाळीतलं ते कोटेशन शोध’ अशी फर्माईश असली की पीसीवरचा मेल प्रोग्रामच कामाला येतो. चालतो तोवर त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. अडला की मात्र आयटीवाल्या दादाची शोधाशोध सुरू! आणि घरून काम करणाऱ्यांकडे तर तो दादाही नसतो.

म्हणून आज थोडं डागडुजीचं. उदाहरणाला थंडरबर्ड घेऊया. मोझिलाचा हा प्रोग्राम, पहिलं पक्कं व्हर्जन डिसेंबर २००४ मध्ये आलं. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो. तुमच्याकडे आउटलुक असेल तर मेनूंची नावं वेगळी दिसतील, फंडा तोच.

दोन दारांचं घर

सगळ्यात कॉमन तक्रार : ‘मेल येतायत, पण माझे जात नाहीत.’ यात भूतबाधा काही नाही. मेल येण्याचं दार वेगळं, जाण्याचं वेगळं. येणारे मेल आयमॅप किंवा पॉप या वाटेने येतात, जाणारे एसएमटीपीने. एक उघडं असलं म्हणजे दुसरंही उघडं, असं नाही.

अकाउंट सेटिंग्जमध्ये डावीकडच्या यादीत अगदी तळाशी ‘आउटगोइंग सर्व्हर’ सापडेल. तिथे पोर्टचा आकडा बघा. २५ असेल तर चोर सापडलाच म्हणून समजा. स्पॅमवाल्यांच्या कृपेने अनेक इंटरनेट कंपन्या हे पोर्ट अडवून ठेवतात. त्याऐवजी ५८७ टाका आणि सिक्युरिटीत ‘स्टार्टटीएलएस’ निवडा, किंवा ४६५ टाकून ‘एसएसएल/टीएलएस’ निवडा. जोडी चुकवू नका. आकडा एकाचा आणि सिक्युरिटी दुसऱ्याची झाली की प्रोग्राम नुसता गोल गोल फिरत बसतो.

दुसरा संशयित म्हणजे जडशीळ अटॅचमेंट. जीमेलची मर्यादा २५ एमबी. पण मेलमधून जाताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे वीस एमबीचं प्रेझेंटेशनही दारात अडकू शकतं. अशा वेळी आधी ‘वर्क ऑफलाइन’ करा, आउटबॉक्समधला तो मेल काढा, पुन्हा ऑनलाइन या आणि फाइलची लिंक पाठवा.

पासवर्ड बरोबर, तरी ‘राँग पासवर्ड’

हा प्रकार डोक्याला शॉट देतो. ब्राउझरमध्ये तोच पासवर्ड चालतो आणि मेल प्रोग्राम मात्र नाही म्हणतो! कारण असं, की नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रामला आत घेणं बड्या कंपन्यांनी बंद केलंय. गुगलने पर्सनल जीमेलसाठी ते मे २०२२ अखेर बंद केलं, मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉम आणि हॉटमेलसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये.

उपाय सोपा आहे. सर्व्हर सेटिंग्जमध्ये ‘ऑथेंटिकेशन मेथड’ आहे, तिथे ‘ओऑथ२’ निवडा. आउटगोइंग सर्व्हरलाही तेच करा, कारण दारं दोन! मग सेव्ह्ड पासवर्ड्समधून जुना पासवर्ड उडवा आणि प्रोग्राम पुन्हा सुरू करा. गुगलची लॉगिन खिडकी उघडेल. ती कोरीच राहिली, तर सेटिंग्जमध्ये कुकीज चालू आहेत का बघा.

आणि ‘सर्टिफिकेट चालत नाही’ असा मेसेज आला, तर आधी पीसीचं घड्याळ बघा. जुन्या मशीनची आतली छोटी बॅटरी संपली की तारीख काही वर्षं मागे जाते आणि सगळीच सर्टिफिकेट्स त्याला खोटी वाटायला लागतात. तारीख ठीक असेल तर अँटिव्हायरसचं मेल स्कॅनिंग तेवढं थोडा वेळ बंद करून बघा. मेल प्रोग्राम सुरळीत चालला, तर गुन्हेगार तोच.

पॉप की आयमॅप?

आता जरा सीरियस. माझी एक मैत्रीण ठाण्यात इंटीरियर डिझायनर आहे. तिच्या स्वतःच्या नावाच्या डोमेनवरचं मेल अकाउंट कुणीतरी ‘पॉप’ने सेट करून दिलं होतं. सहा वर्षं मस्त चाललं. मग एका सोमवारी लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली. नवा लॅपटॉप घेतला, अकाउंट टाकलं, इनबॉक्स उघडला, तर फक्त त्या सकाळचे चार मेल!

पॉपचा स्वभावच तसा. टपाल पेटीतून काढायचं आणि घरी न्यायचं. ‘सर्व्हरवर कॉपी ठेव’ ही टिक नसेल, तर पेटी रिकामी. टिक असली तरी तिच्याखाली ‘इतक्या दिवसांनी काढून टाक’ अशी दुसरी टिक अनेकदा असते. पाठवलेले मेल तर त्या एकाच मशीनवर राहतात. त्याच महिन्यात एका क्लायंटने ‘या टाइल्स मी ओके केल्याच नव्हत्या’ म्हणून हात वर केले. ओके केल्याचा मेल होता तो मेलेल्या डिस्कवर. टाइल्सचा खर्च तिने स्वतःच्या खिशातून भरला.

आयमॅपमध्ये टपाल सर्व्हरवरच राहतं, तुम्ही ते फक्त तिथे जाऊन वाचता. फोन, ऑफिसचा पीसी, घरचा लॅपटॉप, सगळीकडे एकच चित्र. तुमचं अकाउंट कुठल्या प्रकारचं आहे, हे सर्व्हर सेटिंग्जमध्ये पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं. पॉप असेल तर तिथल्या तिथे बदलता येत नाही. तेच अकाउंट आयमॅप म्हणून नव्याने जोडा, जुने मेल आयमॅपच्या फोल्डरमध्ये ओढून टाका, सगळे चढले ना ते वेबमेलमध्ये बघा आणि मगच जुनं पॉप अकाउंट काढा. घाई अजिबात नको.

पण आयमॅप म्हणजे बॅकअप नव्हे हं! फोनवर डिलीट केलेला मेल सगळीकडूनच जातो. म्हणून महिन्यातून एकदा थंडरबर्ड बंद करा आणि त्याचं प्रोफाइल फोल्डर एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करा. फोल्डर कुठे आहे ते हेल्पमधल्या ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’मध्ये सापडेल, बंद करण्याआधीच बघून ठेवा.

थोडं डाएट

प्रोग्राम सुस्तावलाय? डिलीट केलेले मेल थंडरबर्ड लगेच पुसत नाही, नुसती खूण करून ठेवतो. फोल्डरवर राइट क्लिक करून ‘कॉम्पॅक्ट’ म्हणा, बारीक होईल. मेल दिसत नसतील किंवा सर्च भलतंच काही दाखवत असेल, तर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रिपेअर फोल्डर’ आहे. तरीही अडलं, तर हेल्पमधून ‘ट्रबलशूट मोड’ लावा. त्यात सगळी ॲड-ऑन्स बंद होतात. तेव्हा नीट चाललं, तर लोचा एखाद्या ॲड-ऑनचा आहे.

मराठी मेलची खिचडी

मराठी मेल उघडला आणि चित्रविचित्र चिन्हं दिसली, तर व्ह्यू मेनूतलं ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ करून बघा. मेल युनिकोडमध्ये असेल तर बहुतेक वेळा सुधारतो. पण काकांनी शिवाजी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेल्या जुन्या मेलला हा उपाय लागू नाही. ती मुळात इंग्रजी अक्षरंच, अंगावर मराठी कपडे घातलेली. त्यासाठी तो फॉन्ट हवा, नाहीतर युनिकोडमध्ये बदलून देणारं कन्व्हर्टर.

जाता जाता

नोकरी बदलताय? लास्ट डेच्या संध्याकाळी ऑफिसचं मेल अकाउंट बंद होतं, आयमॅप असो की पॉप. कंपनीचे मेल कंपनीचे, त्यांना हात लावायचा नाही. पण सॅलरी स्लिप्स, फॉर्म १६, अपॉइंटमेंट लेटर ही तुमची कागदपत्रं आहेत. एचआरला विचारून ती आधीच पर्सनल मेलवर मागवून घ्या. पीएफ, बँक, विमा यांच्याकडे ऑफिसचा मेल आयडी दिला असेल तर तोही आजच बदला. होम लोनवाला तीन वर्षांच्या स्लिप्स मागेल, तेव्हा जुन्या ऑफिसच्या आयटीवाल्या दादाला मस्का लावत बसावं लागणार नाही.